समितीला वाढलेलं ताट

बाळाबाईला माणसं आवडत नसत आणि ती ते कुणापासून लपवतही नसे. कोडोलीसारख्या भरल्या गावातून लग्न होऊन ती शाहूवाडीच्या डोंगरातल्या वरच्या वाडीत आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं नाक मुरडलं. पन्नाशी उलटली तरी ते नाक काही सरळ झालं नाही. नवरा ज्ञानू तिच्या लेखी बावळट. सरपंच सयाजी म्हणजे फेट्याखाली रिकामी जागा. शाळेतला तरुण मास्तर सम्राट, त्याच्या नावाचंच तिला हसू यायचं.

तिला अभिमान दोनच गोष्टींचा. एक स्वतःच्या हाताची चव आणि दुसरी नात तेजस्वी. तेजस्वीचे आईबाप शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या मागं एका खोलीत राहायचे. पोरगी आजीकडं होती आणि वाडीतल्या दोन खोल्यांच्या शाळेत तिसरीला जायची. शाळेच्या व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद बाळाबाईकडं आलं, ते गावातल्या एकाही गड्याला ते नको होतं म्हणून. "बाई भांडती, तिलाच द्या," असं सयाजी म्हणाला आणि सगळे सुटले.

अशात एक दिवस सम्राट मास्तर उतरल्या तोंडानं घरी आला. सरकार नवं विधेयक आणून शाळांना पैसे द्यायचं सूत्र बदलत होतं.

"कसलं सूत्र? मला मंगळसूत्र तेवडं म्हाईत हाय," बाळाबाई म्हणाली.

मास्तरनं समजावलं. पोरं जेवढी, पैसे तेवढे आणि शिक्षकही तेवढेच. वाडीत पोरं मोजकी, म्हणजे दुसरा शिक्षक जाणार. पाठोपाठ शाळाही जाणार आणि पोरांना खाली मोठ्या गावात धाडावं लागणार. वाटेत जंगल आणि गव्यांचे कळप. पोरं कशीबशी जातील, पोरींना कोण धाडणार? पण एक फट होती. खरोखर अडचणीतल्या डोंगरी शाळांना वेगळं अनुदान ठेवावं की नाही, हे ठरवायला आमदारांची एक समिती गावोगाव फिरत होती आणि तिच्या यादीत वरची वाडी होती.

"आक्का, त्यांनी विचारलं की सगळं सांगायचं. काही लपवायचं नाही."

"मला बोलाय शिकवतोस व्हय रं? गप चहा पी."

समिती आली. पांढऱ्या गाड्यांची रांग, मागं अधिकारी, अधिकाऱ्यांच्या मागं सयाजीचा फेटा. शाळेत ही मंडळी फोटो निघेपर्यंत थांबली. एका आमदारानं फळ्याला हात लावून बघितला, जणू म्हशीची पाठ चाचपतोय. दुसरा सारखा घड्याळाकडं बघत होता. गळक्या छपराकडं एकानंही मान वर केली नाही. मान वर करायची त्यांची सवयच गेलेली. फार वर्षं लोक त्यांच्याकडं मान वर करून बघत आले होते.

मात्र जेवणाचा प्रश्न निघाला तशी बाळाबाईनं सयाजीला बाजूला सारलं. त्याच्या घरचं आळणी कालवण खाऊन पावणे परत जाणार, हे तिला सोसणारं नव्हतं. तिनं घरच्या कोंबड्या कापल्या. पाट्यावर मसाला वाटला, नवा तांदूळ काढला, शेजारणीकडची स्टीलची ताटं मागून आणली. आमदारांच्या समितीचे अध्यक्ष मांडी घालून बसले आणि त्यांनी असं काही हाणलं, की ज्ञानू वाढता वाढता घामाघूम झाला.

मग हात ताटातच ठेवून अध्यक्षांनी विचारलं, "बोला मावशी, शाळेला काय कमी आहे?"

समोर पावणा, पुढ्यात ताट. बाळाबाईच्या तोंडातून जन्मभराची सवय बोलून गेली, "काय कमी न्हाय सायेब. तुमच्या आशीर्वादानं सगळं हाय. लाजू नगासा, आनि घ्या की!"

मास्तरला ठसका लागला. कोपऱ्यातल्या कारकुनानं डाव्या हातानं नळी चोखत उजव्या हातानं ते लिहून घेतलं.

पुढं समितीच्या अहवालाचा मसुदा निघाला. त्यात वरच्या वाडीचं नाव घालून छापलं होतं, की शाळेस काहीही कमी नसल्याचे खुद्द शाळा समितीच्या अध्यक्षांनी सांगितले, ग्रामस्थ सधन आहेत, सबब अशा शाळांना वेगळ्या अनुदानाची गरज दिसत नाही.

बाळाबाईनं आधी आमदारांचा उद्धार केला, मग कारकुनाचा, मग मास्तरचा. शिव्या संपल्या तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आता शिवी द्यायला एकच माणूस उरलंय आणि ते आपणच. तिला स्वतःची मनापासून किळस आली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर तिनं त्याला वर्षभर तोंड वर काढू दिलं नसतं.

विधेयक सभागृहात जाण्याआधी समितीची शेवटची सुनावणी कोल्हापुरात होती. मास्तरला घेऊन ती एसटीनं निघाली. सयाजी स्टँडवर आडवा आला. "गावाची अब्रू घालवाय चाललीस व्हय?"

"तुझी हाय तेवडी फेट्यात बांदून ठेव," असं म्हणून ती एसटीत चढली.

गारेगार हॉल होता. प्रत्येक आमदारापुढं काजूची बशी. अध्यक्षांनी तिला ओळखलं, कारण जेवण ते विसरत नसत. ते हसून म्हणाले, "मावशी, काही कमी नाही असं तुम्हीच म्हणालात. मग तेव्हा खोटं बोललात का?"

"खोटं न्हवं सायेब. ताटावर बसलेल्या पावण्याला आमी आसंच बोलतो. तुमी जेवाय आलाय का कामाला, ह्ये मला तवा कळलं न्हाय. तुमाला तरी कळलं व्हतं का?"

मागं लोक खदखदून हसले. बाळाबाई हसली नाही. छप्पर गळतंय, पोरी झुडपाआड जात्यात, दोन मास्तर हाईत म्हणून शाळा तरी हाय, असं ती सांगत गेली. शेवटी घशात अडकलेलं तिनं ओढून काढलं, "आमचं गाव गरीब हाय, सायेब." आयुष्यात हे वाक्य ती पहिल्यांदा बोलली होती. खाली बसली तेव्हा तिचे कान तापले होते.

आणि फट उघडली. डोंगरी शाळांचं अनुदान विधेयकात आलं, मंजूर झालं, दुसरा मास्तर वाडीत राहिला. श्रेय अर्थातच अध्यक्षांनी खाल्लं. खाण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. सभागृहात उभं राहून, आवाज कापरा करून ते म्हणाले, "मी स्वतः त्या डोंगरात गेलो. वरच्या वाडीच्या बाळाबाईंच्या घरात कोरडी भाकरी आणि मिरची, एवढंच होतं. तेच त्या माउलीनं मला वाढलं!" बाकं वाजली. ते भाषण जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरलं.

बाळाबाईनं भांडी आपटली. दोन दिवस ज्ञानूला जवळ येऊ दिलं नाही. कोल्हापूर गाठून त्या माणसाला चारचौघांत विचारायचं तिनं ठरवलं, तेव्हा मास्तर हात जोडून म्हणाला, "आक्का, आत्ताच आलंय अनुदान. गप्प बसा."

पुढच्या महिन्यात भाच्याच्या लग्नाला ती कोडोलीला गेली. मांडवात सगळं माहेर जमलेलं. भावजय चिमणाबाईनं पंगतीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "व्हय वन्सं, आमदार दारात आला आनि तुमी त्येला नुसती भाकरी वाढली?"

पंगत थांबली. शेजारी तेजस्वी जिलेबी खात बसली होती. तिला सगळं माहीत होतं. तिनं आजीकडं बघून तोंड उघडलं. बाळाबाईनं तिची मांडी दाबली.

"व्हय," ती म्हणाली. "घरात त्येवडंच हुतं."