मामांच्या भिंतीवरचा चट्टा

आमचे मामा गवंडी. दगड फोडण्यात, घडवण्यात हयात गेली, पण एक खोड सुटली नाही. उचलायचा तर चट्टा असलेलाच दगड. डोंगराच्या वरच्या धारेवर खडकांना राखाडी, कडेला पिवळसर असे खरखरीत चट्टे असायचे. "चट्टा धरलेला दगड मुरलेला असतो, फुटत नाही," हा मामांचा सिद्धांत. भिंत बांधताना तो चट्टा दर्शनी बाजूला ठेवायचा. मामी म्हणायची, "लोक भिंतीला रंग देतात, आमच्याकडे खरूज."

घराची मागची भिंत तशीच खरजुली. ती पाडून मागे खोली काढायचं ठरलं, कारण ताई, म्हणजे मामांची मुलगी, तान्ह्या जुळ्यांना घेऊन कायमची माहेरी आली होती. का आली, हे घरात कुणी विचारत नव्हतं. तिघं स्वयंपाकघरात झोपायची.

पहार भिंतीला लागणार तेवढ्यात गल्लीतून गळ्यात भिंग अडकवलेल्या एक बाई आल्या आणि भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या. बाई संशोधक होत्या. त्यांनी सांगितलं की हा डाग नाही, जिवंत दगडफूल आहे. बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. नखाएवढं वाढायला वर्षानुवर्षं लागतात. ही जात फक्त वरच्या धारेवर सापडायची, आणि आता तिथेही दिसत नाही.

"मग इतक्या खाली, वस्तीत, आलं कसं?" बाई म्हणाल्या.

"मी आणलं," मामा म्हणाले. "सगळंच."

"सगळंच?"

"चांगले दगड मागे कशाला ठेवायचे?"

बाई भिंतीवरचे चट्टे मोजायला लागल्या.

"म्हणजे मी संपवलं ते?" मामांनी विचारलं.

"वरचं तुम्ही संपवलं. आणि उरलंय तेही तुमच्यामुळेच."

"मग मला शिव्या घालताय की आभार मानताय?"

"मलाही कळत नाहीये," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. जात अतिधोक्यात असल्याची नोंद त्या करणार होत्या. भिंत पाडू नका, एवढं मात्र हात जोडून सांगून गेल्या.

मामांच्या डोक्याचा भुगा झाला. आपण तारणारे की मारणारे, काही उमगेना. सकाळी उठून भिंतीसमोर उभे राहायचे. एकदा तांब्याभर पाणी घेऊन गेले आणि ओतावं की नको या विचारात स्वतःच पिऊन आले. खोलीचा विषय निघाला की "उद्या बघू" म्हणायचे. ताई काही बोलायची नाही. त्याचा त्यांना जास्त त्रास व्हायचा.

थंडी सरता सरता बाई परत आल्या, त्या हसतच. डोंगराच्या पलीकडे, जिथे कुणी शोधायलाच गेलं नव्हतं, तिथले कडेच्या कडे या दगडफुलाने भरले होते. "आता चिंतेचं कारण नाही," बाई म्हणाल्या. "खुशाल पाडा भिंत."

मामा खाली बसून रडले. मामी घाबरून बाईंकडे बघायला लागली. सुटल्यासारखं वाटून माणूस रडतो हे तिला ठाऊक होतं, पण दगडावरच्या खरजेसाठी?

दुसऱ्या दिवशी मामा पहार घेऊन भिंतीशी गेले आणि नुसतेच उभे राहिले. ताई एका लेकराला कडेवर घेऊन आली.

"बाबा, नसेल पाडवत तर राहू दे. आम्ही स्वयंपाकघरात बरे आहोत."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. मग पहार भिंतीला टेकवून ठेवली.

"ती बाई एका चट्ट्यासाठी डोंगर ओलांडून गेली, तो बरा आहे का बघायला," ते म्हणाले. "मी स्वयंपाकघरापर्यंत आलो नाही. काय झालं गं तिकडे?"

ताईने लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग बोलायला लागली. मामा ऐकता ऐकता हातानेच एकेक दगड सोडवत राहिले आणि अंगणात ठेवत गेले, चट्टा वर करून.