रंग लावलेलं झिंक

दर जूनमध्ये प्रवेशाचे फॉर्म भरायचे दिवस आले की फिजिक्स घेणारं एखादं कार्टं माझ्या टेबलापाशी येऊन विचारतं, "सर, फिजिक्सवाल्यांना केमिस्ट्री कशाला?" आता विषय निवडायची मोकळीक आल्यापासून तर या प्रश्नाला फारच धार चढली आहे. विश्वाचं कोडं सोडवायला निघालेल्या माणसाला वाटेत कोणी भांडी घासायला बसवलंय, असा विचारणाऱ्याचा चेहरा असतो. स्टाफरूममधले माझे एक सहकारी त्याला लगेच दुजोरा देतात. अणूचं सगळं गणित आपण मांडलं, केमिस्ट्रीवाले नुसते त्यावर दुकान चालवतात, असं त्यांचं म्हणणं. हेच गृहस्थ घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचं पाणी ओततात आणि ती बसली की दुकानदाराला शिव्या घालतात.

मला या जमातीचा मनापासून राग येतो. त्यातला निम्मा राग माझ्या स्वतःवरचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मी बी.एस्सी.ला होतो तेव्हा पहिल्या वर्षाला केमिस्ट्री सक्तीची होती. आमचा पाचसहा जणांचा एक गट होता आणि आमच्या मते विषयांच्या उतरंडीत सगळ्यात वर गणित, मग आम्ही फिजिक्सवाले, आणि खूप खाली, कुजक्या अंड्यांचा वास मारणाऱ्या खोलीत, केमिस्ट्री. प्रॅक्टिकलची आमची एक पद्धत होती. उत्तर आधी, रीडिंग नंतर. मागल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलमधून उत्तर घ्यायचं, त्यावरून उलटं गणित करून ब्युरेटचं रीडिंग काढायचं, आणि ते अगदीच तंतोतंत दिसू नये म्हणून शेवटचा आकडा जरा इकडेतिकडे करायचा. ब्युरेट धुवायचीसुद्धा गरज पडत नसे. याला आम्ही हुशारी म्हणत होतो. जस्त आणि तांब्याच्या सेलचा प्रयोग मी असाच केला. आकृती मात्र झकास काढली होती, पेन्सिलीने शेडिंग करून. दहापैकी दहा मिळाले.

वडिलांची देवगड बंदरात मासेमारीची लाकडी बोट होती. मला बोटीवर न नेता कॉलेजात घातलं, याचा त्यांना केवढा अभिमान. चार माणसांत बसले की कसंतरी करून बोलणं माझ्या शिक्षणावर आणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

पावसाळ्यात मासेमारी बंद असली की बोट किनाऱ्यावर ओढून डागडुजी आणि रंगकाम चालायचं. मागे पितळी पंखा, त्याच्यामागे लोखंडी सुकाणू, आणि सुकाणूवर साबणाच्या वडीएवढे जस्ताचे दोन ठोकळे बोल्टने बसवलेले. बंदरात सगळे त्याला झिंक म्हणतात. वडील दर वर्षी जुनं झिंक काढून नवं बसवायचे. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. बोट बांधणाऱ्या मिस्त्रीने सांगितलं होतं म्हणून बसवायचे. त्या जुलैमध्ये मी दुसऱ्या वर्षाला गेलो होतो आणि हातात रंगाचा ब्रश होता.

वडील नवं झिंक आवळत म्हणाले, "नवा बसयलेला वर्षभरात अर्ध्यार येता. कशान रे?"

मी लगेच सुरू झालो. पंख्यामागचा झोत, पाण्याचा वेग, घर्षण. वाळूवर काडीने बाणसुद्धा काढून दाखवले. शेवटी म्हटलं, "रंग मारूया, बाबा. टिकतला."

"झिंकाक रंग मारलेलो मी खंय बघूक नाय," वडील म्हणाले. त्यांनी शेवटचा बोल्ट आवळला. मग म्हणाले, "पण तू शिकलंस. मार."

मी आधी प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन हात दिले. एक कोपरा मोकळा ठेवला नाही.

मार्चमध्ये खडकाळ किनाऱ्याजवळून येताना सुकाणूचे बोल्ट तुटले आणि ते निखळून नुसतं लोंबत राहिलं. वारा बोटीला खडकांकडे रेटत होता, इंजिन चालू असून उपयोग नव्हता. वडिलांनी नांगर टाकला आणि तो कसाबसा धरला, म्हणून पाच माणसं वाचली. दुसऱ्या बोटीने दोर बांधून त्यांना ओढत आणलं. मी धक्क्यावर पोचलो तेव्हा वडिलांचे दोन्ही तळहात दोराने सोलले होते.

बोट वर घेतल्यावर वेल्डर आला. सुकाणूच्या बोल्टांची चाळण झाली होती. त्याने पटाशीने झिंकावरचा रंग खरवडला. आत ठोकळे कोरे करकरीत होते.

"झिंकाक रंग कोणी मारल्यान?"

"मियाच मारलंय," वडील म्हणाले.

"एवढी वर्षां दर्यार जातंस आणि एवढा कळना नाय तुका? ता खावकच ठेयतत. खारा पाणी आधी ता खाता, म्हणान लोखंड वाचता. तू ता झाकलंस, मगे पाणी लोखंडाकच लागला."

बाजूच्या बोटीखालची दोन माणसं हसली. वेल्डरने दोन वाक्यांत जे सांगितलं ते माझ्या जर्नलमध्ये, जस्त-तांब्याच्या सेलच्या आकृतीत, शेडिंगसकट होतं. आणि तेव्हा, सगळ्यांसमोर, रंग मी मारला एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. इतका भेकड मी त्याआधी कधी नव्हतो.

पुढच्या जुलैत मी ब्रश घेऊन गेलो तेव्हा वडील म्हणाले, "तू घराक जा. तुझी परीक्षा आसतली." परीक्षा संपून दोन महिने झाले होते आणि त्यांना ते माहीत होतं. नंतर बोटीबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.

आता बोट विकली, वडील घरीच असतात. तो वेल्डर मात्र अजून येतो आणि तीच गोष्ट काढून त्यांना चिडवतो. गेल्या महिन्यात आम्ही तिघे पडवीत बसलो होतो. तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ह्यो तुझो झील सायन्स शिकत होतो तेव्हा. ह्येका तरी इचारूक होया होतंस."

"व्हय," वडील म्हणाले, "ता माझा चुकला."

मी चहा पीत राहिलो.