अर्धी माटोळी तुझी, अर्धी माझी

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. कोकणी की मराठी, यावरून आमच्या लाटंबार्से गावातल्या दुकानावरही मोठी माणसं हमरीतुमरीवर यायची. बाबा म्हणायचे, "भायलो वाद परवडलो, घरातलो सोसना." घरातला वाद म्हणजे दादा आणि मी.

आमचं सगळ्यात कडाक्याचं भांडण माटोळीवरून व्हायचं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली फळं-फुलं बांधायची, हीच माटोळी. फळं आणायचं काम आम्हा मुलांचं. दर्शनाला येणारा प्रत्येक जण आधी वर बघून विचारायचा, "हें कोणें हाडलें?" म्हणजे हे कोणी आणलं. दरवर्षी उत्तर एकच, दादानं. तो दोन वर्षांनी मोठा, सरसर झाडावर चढणारा. एकदा तरी माझं नाव निघावं म्हणून माझा जीव नुसता कासावीस व्हायचा.

आदल्या वर्षी एका वेलावरून आमची चांगलीच जुंपली होती, म्हणून यंदा बाबांनी न्याय केला. चौकटीच्या मधोमध लाल दोरा बांधला. अर्धी त्याची, अर्धी माझी. निवाडा ऐकून आई नुसती हसली. मग आठवडाभर आमची लपवाछपवी चालली. त्याचं पोतं गोठ्यात, माझी टोपली जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी कदेलावर, म्हणजे खुर्चीवर चढून एकेक वस्तू बांधायला घेतली. माझ्या बाजूला कांगलां या रानफळांचे घोस, वाघनखीची फुलं, लालभडक कवंडळं. किती देखणी दिसत होती! दादाच्या बाजूला शहाळ्यांचा घोस, चिबूड, हा लांबलचक दुधी. त्याला सगळं मोठंच लागायचं. बाबा खाली उतरले आणि माटोळी कलंडली. दादाची बाजू इतकी खाली आली की शहाळी थेट गणपतीच्या मुकुटाला टेकली असती.

"तुजीं शाळीं काडूंक जाय," बाबा म्हणाले. शहाळी काढायची म्हटल्यावर दादाचा चेहरा पडला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण आमच्या घरचा नेम असा की देवासाठी एकदा बांधलेलं विसर्जनापर्यंत सोडायचं नाही. आई पदराला हात पुसत बाहेर आली. "बांदिल्लें सोडचें न्हय. हिच्या वाट्याक कितें तरी जड घाला," म्हणाली आणि परत चुलीकडे गेली.

माझ्याकडे जड काहीच नव्हतं. मी टोपली उलटीसुद्धा करून पाहिली.

दादा उठून गोठ्यात गेला. परतला तो पोत्यात उरलेलं तोरंजन घेऊन. तोरंजन म्हणजे पपनस, आणि हे तर दोन्ही हातांत न मावणारं. सगळ्यांत शेवटी अगदी पुढे, सगळ्यांच्या नजरेत भरेल तिथे बांधायला त्यानं ते राखून ठेवलं होतं. स्वतःच कदेलावर चढला आणि वरून मला विचारलं, "खंय बांदूं? तुजो वाटो आसा तो."

जन्मात पहिल्यांदा त्यानं मला काही विचारलं होतं. मी बोट दाखवलं, तिथेच त्यानं बांधलं. माटोळी सरळ झाली.

दुसऱ्या दिवशी शेजारची काकी आली. हात जोडायच्याही आधी तिची नजर वर गेली. "केदें व्हड तोरंजन! कोणें हाडलें?"

"हिणें," दादा म्हणाला.

ज्या उत्तरासाठी मी इतकी वर्षं झुरले ते आयतं पुढ्यात आलं होतं. आणि माझ्याच्यानं ते घेववेना.

"ना गे काकी, दादान हाडलां."

"तिच्या वाट्याक आसा, म्हणजे तिचें."

"झाडार तूं चडिल्लो!"

आवाज चढत गेले. काकी फुलं हातात धरून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत उभीच राहिली. बाबा ओटीवरून गरजले, "आता कितें जालें रे तुमचें?" आई मात्र आतून हसत म्हणाली, "झगडूं दी तांकां. आज बरें झगडतात."