फक्कीच्या रेघेवरचं लिंबू

दिगूभाऊ गेल्याचा फोन शाळेत आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला, तेव्हाच समजायला हवं होतं... मला वाटलं, मुख्याध्यापकांनी बोलावलं असेल. फोनवर वहिनी होत्या. "कुसुमताई, लवकर या," एवढंच म्हणाल्या. सकाळी फियाट धुता धुता भावाच्या छातीत कळ आली, तो बादलीशेजारी बसला आणि उठलाच नाही. जळगावहून एसटीने एरंडोलला पोचले तर गाडी अंगणात अर्धी धुतलेली उभी होती. एक बाजू लख्ख, दुसरीवर धूळ. माणसांनी ओटा भरला होता, पण मला पहिलं रडू आलं ते त्या गाडीकडे पाहून.

याला आता दीड महिना झाला. 'भावाविषयी चार चांगले शब्द लिहा,' असं वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं आहे. चांगले शब्द लिहीनच. पण सोबत एका माणसाविषयी वाईटही लिहिणार आहे, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेला की वैर संपतं म्हणतात. ज्याने कधी कुणाशी वैर धरलं नाही तो गेला. माझं वैर आहे, आणि मी चांगली धडधाकट आहे.

आमच्या आबांनी ती फियाट जुनी म्हणूनच घेतली होती, लग्नसराईत नवरदेवासाठी द्यायला. दिगूभाऊ कॉलेज सोडून तिच्यावर बसला. मांडवापासून पारापर्यंत, वाजंत्रीच्या मागे, माणूस चालेल त्याहून हळू गाडी हाकायची, हे त्याचं काम. वेगाचं वेड लागावं असं त्यात काही नव्हतं, पण लागलं खरं. धुळ्याच्या कॉलेजातला त्याचा दोस्त शशी, सरकीच्या तेलाची गिरणी असलेल्या घरातला, याला कुठून कुठून मोटारींच्या शर्यतींची मासिकं आणून द्यायचा. दिगूभाऊला इंग्रजी बेताचंच. मग मी अर्थ लावायचा आणि त्याने चित्रांवर बोट फिरवत वळणं समजून घ्यायची. पुढे पद्मालयाच्या रस्त्यावर आमचा अभ्यास सुरू झाला. भल्या सकाळी, देवदर्शनाच्या गाड्या सुरू व्हायच्या आत. गाडी हलकी व्हावी म्हणून मागची सीट काढून ओट्यावर ठेवलेली असायची, आबा तिच्यावर बसून चहा प्यायचे आणि आम्हा दोघांना शिव्या घालायचे.

पण गाडी पळवायच्या आधी हा माणूस मला घेऊन ते वळण चालत जायचा. खडी कुठे सुटली आहे, बैलगाडीची चाकोरी कुठे खोल गेली आहे, उतार कुठल्या अंगाला आहे... "रस्ता पहिले पायखाल घाल, मंग चाकखाल," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी शेजारी बसून पुढचं वळण ओरडून सांगायचे. उशिरा सांगितलं तर तो रागवायचा नाही, गाडी परत मागे न्यायचा. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात शिरल्यावर गाडीला छेडायचं नाही, बाहेर पडताना पाय हळूहळू दाबायचा. हे त्याने स्वतः शिकून मला शिकवलं. त्या रस्त्यावर स्टिअरिंग धरणारी एरंडोलची पहिली मुलगी मी असेन. आबांना हे शेवटपर्यंत कळलं नाही.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. धुळ्याच्या हौशी मंडळींनी गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींची शर्यत ठेवली. पत्र्याची पिंपं मांडून वळणं केली होती, कोपऱ्यांना गाडी आदळू नये म्हणून सरकीची पोती रचली होती आणि पुण्याहून निवाड्याला एक निवृत्त मेजर आले होते. जो पहिला येईल त्याला मद्रासकडच्या खऱ्याखुऱ्या ट्रॅकवर पाठवायचं ठरलं होतं. ट्रॅक! दिगूभाऊने हा शब्द देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायला सुरुवात केली होती. पिंपं नाहीत, पोती नाहीत, फक्त मोटारींसाठी बांधलेला रस्ता. महिनाभर तो दुसरं काही बोलला नाही. शशीही शर्यतीत होता, घरची नवी गाडी घेऊन.

गाड्या चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेघेमागे लागल्या. मी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीजवळ, दिगूभाऊच्या दाराशी होते. मेजरसाहेब झेंडा घेऊन अजून मंडपातून निघायचे होते. तेवढ्यात शशी आपल्या गाडीतून उतरला, खिशातून लिंबू काढलं, आमच्या फियाटच्या पुढच्या चाकाला लावून ठेवलं आणि वर हात जोडले. "शकुन असतो, दिगू. दाब."

आता हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. चाकाखाली लिंबू ठेवलं की ते दाबायचंच. न दाबता उभं राहणं म्हणजे अपशकुन, आणि जो दर लग्नात नवरदेवाला लिंबावरून नेतो त्याला तर हे सांगावंही लागत नाही. दिगूभाऊने हसून गाडी वीतभर पुढे घेतली. लिंबू फुटलं. चाक फक्कीच्या रेघेवर आलं. शशी खिडकीतून दिगूभाऊचा खांदा थोपटून परत आपल्या गाडीत जाऊन बसला. ते थोपटणं मला आजही दिसतं.

शर्यत कशी झाली ते विचारू नका. पोत्याला एकदाही न शिवता, शेवटच्या पिंपाला वळसा घालून आमची नवरदेवाची गाडी सगळ्यांच्या पुढे आली. बंपरला आदल्या लग्नाचा झेंडूचा दोरा तसाच होता. मी दोरीखालून धावत सुटले... आणि मंडपापाशी पाहते तर शशी मेजरसाहेबांना हाताला धरून रेघेकडे घेऊन चाललेला. झेंड्याच्या आधी गाडी हलली होती, साहेब. हे पाहा, पुरावा. फक्कीवर चपटं झालेलं लिंबू, आणि त्याच्या रसाने ओली झालेली रेघ.

"लिंबू तूच ठेवलंस ना रे?" दिगूभाऊने विचारलं. अजून तो हसतच होता, थट्टा चालली आहे असं समजून.

"मी? मी असल्या गोष्टी मानत नाही."

मी ओरडले, मी पाहिलं आहे म्हणाले. मेजरसाहेब सौम्यपणे म्हणाले, "बेटी, बहिणीची साक्ष कशी धरणार?" आणि लिंबू कुणीही ठेवो, दाबलं हे तुम्हीच सांगता, म्हणजे झेंड्याआधी गाडी हलली ती हललीच. तेही खरंच होतं. दिगूभाऊ बाद झाला. केसाने गळा कापणं काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. दुसरा आलेला शशी मद्रासला गेला, तिथे पहिल्याच फेरीत ट्रॅक सोडून मातीत गेला आणि फोटो घेऊन परत आला. तो फोटो आज त्याच्या धुळ्यातल्या मोटारींच्या दुकानात मोठा करून लावलेला आहे.

त्या दिवशी परत येताना पारोळ्याला दिगूभाऊने गाडी थांबवली. मग मला म्हणाला, "कसाले रडस, कुसे? गाडी ते आपलीच शे ना." झालं. त्यानंतर एकदाही त्याने तो विषय काढला नाही, मला काढू दिला नाही. शशी समोर आला तर चहा पाजायचा. याचा मला त्याच्यावरही राग आहे, आणि तो गेला म्हणून तो राग कमी झालेला नाही. एक मात्र झालं. शर्यती सुटल्या, लग्नाची गाडी तेवढी राहिली, आणि सुरू करण्याआधी वाकून चारही चाकांखाली पाहायची सवय लागली. लग्नघरी कुणी लिंबू ठेवलं तर दाबायचा. पण ठेवणाऱ्याच्या तोंडाकडे आधी नीट पाहून. गावातले लोक हसायचे. मला हसू येत नसे.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी एरंडोलच्या शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. शशी आला. आता शशीभाऊ. पांढरा सफारी, बोटात अंगठ्या, स्वतः गाडी चालवत आलेला. माईक हातात घेऊन त्याने गळा काढला आणि म्हणाला, "दिगूचं मन केवढं मोठं! मद्रासची संधी त्याची होती. पण तो म्हणाला, शशी, तू जा. मित्रासाठी त्याने ती सोडली..." लोकांनी डोळे पुसले. माझ्या वहिनींनीही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, त्या दिवशी समोर पाहिले.

मी उठून मागे गेले. उन्हाळ्याचे दिवस, मागच्या पडवीत सरबत चाललं होतं. टोपल्यातलं एक लिंबू उचललं, बाहेर आले आणि त्याच्या लांबलचक गाडीच्या पुढच्या चाकाला नीट टेकवून ठेवलं. मग तिथेच उभी राहिले.

सभा सुटली. माणसांच्या घोळक्यात तो आला, दाराला हात लावला आणि त्याला लिंबू दिसलं. मग मी दिसले.

"हे काय, कुसुमताई?"

"शकुन असतो, शशीभाऊ. दाबा."

त्याचा रंग उतरला तो सगळ्यांनी पाहिला. का उतरला ते मात्र आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आजपासून तुम्हालाही. असल्या गोष्टी न मानणारा तो माणूस गाडीत बसला नाही. लिंबाला हात लावायचंही त्याच्याने झालं नाही. कुणाच्या तरी स्कूटरच्या मागे बसून स्टँडवर गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानातला माणूस आला आणि गाडी मागे घेऊन, लांबून वळवून काढून नेली. लिंबू जसंच्या तसं राहिलं. मी ते उचलून आणलं. ते आता फियाटमध्ये समोरच्या काचेपाशी आहे. सुकून सुपारीसारखं टणक झालं आहे.

फियाट मी ठेवून घेतली आहे. उरलेली अर्धी बाजू मीच धुतली. गेल्या रविवारी तिला घेऊन धुळ्याला गेले. आधी वाकून चारही चाकांखाली पाहिलं, त्याच्यासारखं. काय शोधते आहे तेही कळेना, पण पाहिल्याशिवाय चावी फिरवता येईना. वळणाआधी ब्रेक, वळणात गप्प, बाहेर पडताना हळूहळू... शशीच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे गाडी लावली आणि बसून राहिले. दुपारी तो जेवायला घरी निघाला. आपल्या गाडीच्या दाराशी आला, थांबला, एका हाताने बॉनेट धरलं आणि कण्हत कण्हत खाली वाकला. या चाकाखाली पाहिलं. मग पलीकडे जाऊन त्या चाकाखाली. मग मागची दोन्ही. गुडघे दुखत असावेत.

वाकू दे.