दीपगृहाच्या रखवालदाराचं पान

आमच्या दादाला वेडा म्हणणाऱ्यांत मी पहिली. बाहेरचं कुणी म्हणालं तर मात्र मी भांडायला उठायचे.

तो वीज कंपनीत मीटर वाचायचा. दारोदार हिंडायचं, जिन्याखालच्या जळमटांत डोकं घालायचं, आकडा टिपायचा. पण याची नजर आकड्यावर कमी आणि लोकांच्या माळ्यावर जास्त. छापलेली कॉमिक्स रद्दीत ढिगानं मिळतात, ती नको होती त्याला. त्याला हवी असायची मूळ पानं. म्हणजे चित्रकारानं जाड कागदावर शाईनं काढलेली, छापील पानाच्या दुप्पट मोठी, चुकलं तिथे पांढरा रंग फासलेली, संवादाचे फुगे वेगळे लिहून वर चिकटवलेली. एकदा छपाई झाली की छापखान्यात त्यांना कोण विचारतो? कुणी त्यांवर डबे ठेवायचं, कुणी त्यातल्या एखाद्यानं खिडकीची फुटकी काच झाकायचं. दादा ती गोळा करून पलंगाखालच्या पेट्यांत ठेवायचा. त्याच्या खोलीत चहाचा कप न्यायलासुद्धा बंदी. लग्न केलं नाही ते बरंच झालं, त्या बाईचे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते.

पण एवढ्या सगळ्या पानांमागे त्याला खरं हवं होतं ते एकच.

मी कडेवर असतानाच आमचे बाबा गेले. त्यांचा एकुलता एक फोटो, लग्नातला, घर बदलताना गहाळ झाला. पण बाबा असताना आमच्या वरच्या मजल्यावर एक कॉमिक्सचा चित्रकार राहायचा, पेंटरकाका. त्यांना दीपगृहाचा रखवालदार काढायचा होता. त्यांनी बाबांना स्टुलावर बसवलं, "हलू नका हं" म्हणाले आणि काढला. कॉमिकमध्ये तो रखवालदार एकाच पानावर येतो, पण अर्धं पान त्याच्या चेहऱ्याचं. ते छापील कॉमिक आमच्या घरी होतं. कागद भिकार, लाल रंग घसरलेला, बाबांचं नाक गालावर आलेलं. आई भिंग घेऊन बघायची आणि म्हणायची, "नाक असं नव्हतं रे त्यांचं." म्हणून दादा मूळ पानाच्या हात धुऊन मागे लागला होता.

ते कॉमिक छापणारा छापखाना कधीच बंद पडलेला. एकदा दादाला मीटर वाचायला शहराचा नवा भाग मिळाला आणि एका घरात मीटरच्या वर भोक झाकायला ठोकलेला पुठ्ठा दिसला. त्याच्यावर निळ्या पेन्सिलीच्या रेघा, मूळ पानांवर शाईआधी आखतात तशा. दादा तिथेच थबकला. घर निघालं त्याच छापखान्याच्या निवृत्त मशीनवाल्याचं.

"आणखी आहेत की," मशीनवाला म्हणाला. "कपाटाखाली घातलीत. पण देता येणार नाहीत. कपाट डुगडुगतं."

दादानं सुताराकडून लाकडाचे तुकडे कापून आणले, ते अवजड कपाट पाठ लावून उचललं आणि खालचा गठ्ठा मोकळा केला. त्यात रखवालदार होता.

तो धापा टाकत माझ्या घरी आला. मी हात पुढे केला, तर पानाचं पाकीट छातीशी धरून म्हणाला, "आत्ता नाही. पेंटरकाका अजून आहेत. सही होऊ दे, मग आईसमोरच उघडू. सहीशिवाय पान अर्धंच असतं गं."

"अरे, निदान मोबाइलवर फोटो तरी काढून ठेव."

"मूळ हातात असताना नक्कल कशाला?"

काय बोलावं अशा माणसाला! तेव्हाच हिसकावून घ्यायला हवं होतं.

पेंटरकाका आता पुतण्याकडे राहत होते, तळमजल्यावर. वय झालेलं, पण हात बघावा तर जराही थरथर नाही. दादाचा बेत असा की आधी सही घ्यायची, आपण कोण ते मग सांगायचं. ओळख निघाली की गप्पांत सही राहून जाते. त्यांनी पान उजेडाकडे धरलं, बराच वेळ बघितलं. "ठेवून जा," म्हणाले. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. काका दारातच उभे होते.

"वर्षानुवर्षं खटकत होतं हो मला हे पान. मालकाची घाई, चेहरा तसाच गेला. एक डोळा बारीक, हनुवटी पडलेली. दीपगृहाचा रखवालदार आहे, दमदार नको? आता बघा!"

टेबलावर पान होतं. त्यावर एक रुबाबदार माणूस. सरळ नाक, दोन्ही डोळे सारखे, हनुवटी भक्कम. खाली झोकदार सही.

दादा पानावर वाकला. "वरचा पांढरा रंग... काढता येईल?"

"छे! आधीची शाई ब्लेडनं खरवडून काढली आणि मगच रंग लावला. नाहीतर गाठी दिसतात छपाईत." छपाई होऊन जमाना लोटला हे जणू विसरूनच ते खुशीत हसले. "पान छापायला जाणार, मग चूक तशीच कशी सोडू?"

"काका," मी म्हटलं, "तुमच्यासमोर बसलेला माणूस कोण होता, आठवतंय?"

"असेल कुणीतरी शेजारचा."

माझं डोकं फिरलं. तोंड उघडणार तोच दादानं माझा हात करकचून दाबला. "छान झालंय, काका," तो म्हणाला. त्यांच्या पायाही पडला, बावळट!

रस्त्यात मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "बाबांचा डावा डोळा बारीकच होता गं."

आईला काही सांगायचं नाही असं ठरलं. तिच्यासमोर पान ठेवलं. तिनं भिंग घेतलं, चेहऱ्यावरून फिरवलं, पुन्हा फिरवलं. ती आता म्हणणार, हे कोण? म्हणावं तिनं, असंही वाटत होतं.

"हेच," आई म्हणाली आणि रडायला लागली. "अगदी हेच. नाक बघा कसं सरळ!"

दादा उठून आत गेला. मी मागोमाग गेले.

"दादा, खरं सांग. कसे दिसायचे?"

"काल पान बघितलं तेव्हा पक्कं माहीत होतं." त्यानं भिंतीला डोकं टेकलं. "आता डोळे मिटले की काकांचाच चेहरा येतो."

पान आता फ्रेम करून समोरच्या भिंतीवर आहे. दादानं बाकीच्या पेट्या उघडणं सोडलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आई आधी फ्रेमसमोर उभं करते, आणि ते एकदा तिकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणतात, "पोर अगदी बापावर गेलीय हो!" मी हो म्हणते. दुसरा बाप आणू कुठून?