खाडीत कमी पडलेलं पाणी

पाणी मोजण्याची नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. आजही डोंबिवलीला आमच्याकडे जुनी मंडळी जमली की बायको चहा टाकतानाच विचारते, "आज कुठला, खुंटीचा की वरातीचा?"

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी खोपटला आमचं छोटंसं ऑफिस होतं. ठाण्याची खाडी जिथे चिंचोळी होते, तिथून भरतीला किती पाणी आत जातं आणि ओहोटीला किती बाहेर येतं, हे मोजायचं. दोन्ही आकडे जवळपास जुळले तर मोजणी बरोबर. आमचे रानडे साहेब मे अखेर रिटायर होणार होते आणि त्याआधी त्यांना हे आकडे जुळवायचेच होते. दुसरा ध्यासच नव्हता. होडी चेंदणी कोळीवाड्यातल्या हिराजी नाखवांची.

*

आधी सर्वांत जोराच्या प्रवाहाची जागा हवी होती. आठ दिवस आम्ही खाडीत उभे-आडवे फिरलो. हिराजी नाखवा गपचूप होडी नेत होते. नवव्या दिवशी जागा सापडली. शेजारीच पाण्यातून एक काळी खुंटी डोकावत होती.

"ही कसली हो, नाखवा?"

"जालं बांदायची. आजानं रोवलेली. खाडीत सगल्यात जास्ती ओढ हितंच."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मग आठ दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलाच नाय."

*

मोजणी पौर्णिमेला असायची, कारण तेव्हा भरती मोठी. सकाळी सहाच्या सुमाराला सुरू करायचं ते संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत. पाण्यात सोडलेल्या मीटरचं चक्र एकदा फिरलं की हेडफोनमध्ये एक टिक वाजायची. या टिका मोजायचं काम माझा जोडीदार घाणेकर याचं.

माघातली पौर्णिमा. दुपारी तीनला प्रवाहाचा वेग एकाएकी दुप्पट झाला. साहेब खूश! मी मान वर केली, तर काठावरून वरात चाललेली. बँड जोरात. घाणेकरचा पाय ठेक्यावर हलत होता, आणि पेन्सिलही.

साहेबांनी वही मिटली. "घाणेकर, खाडी मोजा. नवरदेव नको."

*

पुढची पौर्णिमा फाल्गुनातली. आम्ही पहाटेपासून सामान घेऊन धक्क्यावर. होडी नाही, नाखवा नाहीत. शेवटी साहेब तणतणत कोळीवाड्यात शिरले. तिथे सगळ्या होड्या रंगवलेल्या, पताका लावलेल्या, आणि नाखवा नवा शर्ट घालून आपल्या होडीला हार घालतायत.

"सायेब, शिमगा हाय आज. आज कोन होडी काढील?"

"अहो, पण काल सांगायचंत की..." म्हणता म्हणता साहेब थांबले आणि स्वतःच म्हणाले, "आम्ही विचारलं नाही."

नाखवांनी त्यांना खुर्ची दिली. परतताना साहेबांच्या टकलावर गुलाल होता आणि हातात पुरणपोळीचा डबा. इतकं खूश मी त्यांना ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं.

*

उरली चैत्रातली पौर्णिमा. पुढे साहेबांची शिल्लक रजा सुरू होणार, म्हणजे ही शेवटचीच संधी. त्या दिवशी सगळं कसं सुतासारखं सरळ झालं. वरात नाही, सण नाही. दुपारी भरती पूर्ण होऊन पाणी थांबलं तेव्हा आम्ही डबे उघडले. खाडीच्या आतल्या बाजूला मिठागरं उन्हात चमकत होती. "काय सुंदर दिसतंय," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बेरीज केली. आत गेलेलं पाणी जास्त, बाहेर आलेलं कमी. पुन्हा केली. तेवढंच कमी. साहेबांनी रजा रद्द केली आणि महिनाभर रोज ऑफिसात येऊन तेच आकडे तपासले. घाणेकरने देवाशपथ सांगितलं की या वेळी तो काहीच ऐकत नव्हता. मला फार वाईट वाटायचं. इतका काटेकोर माणूस, आणि जाताना अहवालावर "कारण अज्ञात" असं लिहून जाणार.

निरोप समारंभाला हिराजी नाखवाही आले. शिमग्याचाच शर्ट, हातात फडक्याची पुरचुंडी. समोसे खाताना साहेबांना राहवेना, म्हणून ते त्यांच्याजवळ गेले.

"नाखवा, एक विचारतो. पौर्णिमेला आत गेलेलं पाणी सगळं परत का आलं नाही?"

"कसा येल? पुनवेच्या भरतीला मिठागरवाले दारं उगडतात. पानी आत घेतात नि दारं लावतात."

नाखवांनी पुरचुंडी टेबलावर सोडली. आत पांढरंशुभ्र खडेमीठ.

"त्याच भरतीचा हाय. तुमच्यासाटी आनलाय."

साहेबांनी एक खडा उचलून जिभेवर ठेवला. डोळे मिटले. मग मला म्हणाले,

"सावंत, अहवाल आणा. पाणी सापडलं."