मसणवट्याभोवती तार

"सोड ना बे राण्या! शुद्धी खोळंबलीय तिकडं."

माझ्या वडिलांना तार सोडता येत नव्हती. तिचा एक काटा त्यांच्या उजव्या अंगठ्याखालच्या मांसात रुतून बसला होता. कारभारी थोड्या अंतरावर काठी टेकून उभा होता. त्याच्यामागे उपाध्याय, एका हातात गोमूत्राचा तांब्या, दुसऱ्या हातात आंब्याची डहाळी. ऊन कलले होते आणि त्यांना घरी जायचे होते.

"मायबाप, काटा आत गेलाय. जरा दम खा."

"मंग वढ की हात! हात हाय का तुळशीचं पान?"

गडीमाणसे हसली. बाने हात ओढला. कातडे फाटल्याचा बारीक, ओला आवाज मी ऐकला. बाने तो हात लगेच पाठीमागे नेला. जणू गुन्हा हाताचा होता. उपाध्याय पुढे आले. दिवसभर आम्ही ओढलेल्या तारेवर त्यांनी डहाळीने गोमूत्र शिंपडले, आणि जेथे रक्त लागले होते तेथे दोनदा. ते होईपर्यंत आम्ही ओळीने दूर उभे राहिलो. मग बाने तेच हात जोडले आणि वाकून म्हटले, "येतो, मायबाप."

मी त्याच्या शेजारी होतो. मिसरूड फुटलेला, चार बुके शिकलेला. मी मान खाली घालून उभा होतो.

आम्ही मांग. दोर वळणे हे आमचे पिढीजात काम. गावच्या मोटेचा नाडा, बैलांचे कासरे, सारे आमच्या हातचे. गाव बालाघाटाच्या कुशीत, चौसाळ्याच्या बाजूचे. अंमल निजामाचा, पण आम्हाला निजाम कधी दिसला नाही. आम्हाला दिसत ते देशमुख, आणि त्यांच्याही आधी त्यांचा कारभारी. देशमुखांच्या शेतांना दरवर्षी बाभळीच्या फांद्यांचे कुंपण आम्हीच घालत असू, वेठीने. त्या वर्षी त्यांनी ओढ्याकाठी संत्र्याची बाग लावली आणि जालन्याच्या ठेसनावरून काटेरी तारेची भेंडोळी गाडीने आणवली. तशी तार आमच्या मुलखात कोणी पाहिली नव्हती. कारभारी म्हणाला, "दोर वळता ना? मंग ही बी वळा." इतक्यावर काम आमचे झाले.

पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला नियम सांगितला. लाकडाच्या डांबाला विटाळ नाही. लोखंडाला आहे, आणि लोखंड तो दूरवर नेते. एक भेंडोळे संपले की दुसऱ्याचे टोक त्यालाच पिळायचे, म्हणजे बागेभोवती तार सगळी एकच. "एकानं जरी धरलेली ऱ्हायली तर समदी बाटलेलीच," तो म्हणाला. "म्हणून शुद्धीच्या टायमाला एकाचं बी बोट तारेला नगं."

मला हे ऐकून हसू यायला हवे होते. माझे मामा अंबाजोगाईला, सरकारी कागदात तेव्हा तिला मोमिनाबाद म्हणत, रिसाल्याच्या घोड्यांसाठी दोरखंडे वळत. त्यांच्याकडे राहून मी शिकलो. तेथील मौलवींनी मला दाराशी बसू दिले; उर्दू आणि हिशेब त्यांनी शिकवला, मराठी पुस्तके एका पंतोजींनी लांबून दिली. स्वारांच्या बरोबरीने मी घोड्यांचे लगाम धरले होते. लगामाची कडीही लोखंडाचीच. तेथे कोणी घोडा धुवायला धावले नाही. हे सारे मला माहीत होते, आणि माझ्या तोंडून एक शब्द निघत नव्हता. मी मुळातच भिडस्त. चार माणसांत बोलायचे म्हटले की माझा घसा सुकतो, अजूनही सुकतो. हे लिहायलाही मी केस पांढरे झाल्यावर बसलो आहे.

कारभाऱ्याला माझ्या शिक्षणाची मोठी गंमत वाटे. "काय सायेब, तार उर्दूत वढायची का मराठीत?" तो रोज विचारी. रोज तेच, आणि गडी रोज नव्याने हसत. मी पहारीला तारेचा वेढा देऊन ताण देत राही.

शाळा मला सोडावी लागली ती आई गेली तेव्हा. मानमोडीच्या तापात आमच्या मांगवाड्यातली कितीतरी माणसे गेली. मी अंबाजोगाईहून पायी पोहोचलो तोवर आईला माती दिली होती. ओढ्याच्या अलीकडे, आमच्या झोपड्यांपासून हाकेच्या अंतरावर, आमचा मसणवटा होता. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून बाने तिच्यावर दगड रचले होते आणि दगडांवर बाभळीच्या काट्या. मी त्या काट्यांना हात लावून बसलो होतो. आईचे तोंड मला दिसले नाही. मला तेवढी जागा दिसली.

कुंपण विहिरीच्या बाजूने सुरू झाले होते. रेघ कोठून कोठे जाणार हे कारभाऱ्याच्या मनात. आम्हाला तो रोजचे खड्डे रोज दाखवी. शेवटची बाजू आली तेव्हा त्याने खुंट्या ठोकल्या त्या आमच्या झोपड्या आणि मसणवटा यांच्या मधून.

देशमुख बाग पाहायला आले होते. बा पागोटे काढून पुढे झाला.

"मालक, खुंट्या चुकल्या वाटतं. आमची माती आत जाती."

देशमुख पान चघळत होते. "मेलेल्याला आत काय आन् भाईर काय? नवं मढं वढ्याच्या पल्याड न्या."

"पल्याड खडक हाय, मालक. टिकाव लागत न्हाई."

"मंग मरायची घाई करू नका."

सगळे हसले. कारभाऱ्याला तेवढ्यावर राहवेना. "उलट ब्येस झालं, मालक. तिथं झाडं लई जोमात येतील. खत घालाया नगं."

बाही हसला. होय, बासुद्धा. देशमुख हसले की हसायचे, ही आमची रीत. मी बाच्या त्या हसण्याकडे पाहिले आणि मला त्याचा राग आला, देशमुखांचा आला त्याहून अधिक. आणि मग स्वतःचा, कारण मी हसलोही नव्हतो आणि बोललोही नव्हतो. नुसता उभा.

घरी आल्यावर मांगवाड्यातली माणसे जमली. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना पाण्याची घागर आणि निवद न्यायचा असतो. तो दिवस तोंडावर आला होता. माझा चुलता म्हणाला, "तारेवरून फेकू निवद. पाणी बी लांबून शिपडू. पोचतंय की."

"आपल्या माणसाला लांबून?" एक म्हातारी म्हणाली. "जित्तेपणी लांबून, मेल्यावर बी लांबूनच?"

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. "तू शिकलायस. तू बोल की मालकाशी."

मी बोलण्याची तयारी केली. पुस्तकात शोभेल असे एक भाषण मनात बांधले, आधी मराठीत, मग उर्दूत. सकाळी कामावर गेलो, देशमुख समोरून गेले, आणि मी खाली वाकून खिळा उचलला.

शेवटच्या दिवशी बागेत पंगत होती. आत चुली पेटल्या होत्या, भाताचा वास येत होता, पाट मांडले जात होते. तार पुरी होऊन तिची शुद्धी झाली की नैवेद्य, नैवेद्य झाला की पाने. मसणवट्यासमोरच्या डांबाशी बाने तारेची दोन टोके एकमेकांत पिळली. वर-खाली तीन ओळींची तार ताठ झाली. बाग बंद झाली. आई आत राहिली.

"हात काढा समद्यांनी!" कारभारी ओरडला.

सगळ्यांनी हात काढले. मी काढले नाहीत.

मी ठरवून काही केले असे म्हणणे खोटे ठरेल. हात तारेवर होते आणि ते उचलले गेले नाहीत, एवढेच. मग मात्र मला समजले की मी काय करतो आहे. मी पुढे झुकलो. वरची तार छातीला लागली, मधली पोटाला, खालची गुडघ्यांना. काटे सदऱ्यातून आत आले.

"ए सायेब! ऐकू येत न्हाई का बे? सोड!"

"न्हाई सोडत."

उपाध्याय तांब्या घेऊन थबकले. बागेच्या पलीकडच्या टोकाला डांबाशी टेकलेला एक आचारी दचकून बाजूला झाला. मी ते पाहिले. एवढ्या लांबचा माणूस माझ्या हातामुळे हलला होता. माझ्या सबंध आयुष्यात माझ्यामुळे काही हलल्याची ती पहिली वेळ.

काठी पाठीवर बसली. पुन्हा बसली. बा धावत आला. "सोड रं लेकरा, माजं ऐक, पाया पडतो तुज्या," असे म्हणत त्याने खरोखर माझे पाय धरले. त्याचे ते फाटके हात माझ्या पायांवर. त्या क्षणी मी तार जवळजवळ सोडली होती.

देशमुख पाटावरून उठून आले. "कावून धरलीस तार? काय पायजे तुला?"

शब्द आले. आले ते पाठ केलेल्या भाषेत.

"आमच्या मसणवट्याची वाट मोकळी सोडावी, इतकीच आमची विनंती आहे."

देशमुखांचा चेहरा बदलला. मागणीने बदलला नसता. मागणी बानेही केली होती. "इतकीच आमची विनंती आहे!" त्यांनी माझी नक्कल केली. "मांगाचं तोंड आन् बामनाची बोली. ह्याला वाट पायजे! तोडा तार."

मला क्षणभर वाटले, जिंकलो. पण अर्थ निराळा होता. मला हात लावून ओढणार कोण? माझ्या डावीउजवीकडचे दोन डांब सोडून बाकीची तार शुद्ध करून घ्यायची, आणि मी धरलेला तुकडा तोडून टाकायचा. विटाळ माझ्यापाशी, शुद्धी त्यांच्यापाशी. एक गडी कुऱ्हाड घेऊन आला. दांडा लाकडाचा, म्हणून चालत होते. डांबावर तार ठेवून घाव घालण्याआधी तो हळूच म्हणाला, "तोंड फिरव बे. सुटली की डोळा फोडंल."

मी तोंड फिरवले. तार सुटली आणि चाबकासारखी माझ्या मानेवरून गेली. मग दुसऱ्या बाजूने. तो तुकडा मला घेऊन जमिनीवर पडला.

उरलेल्या तारेवर गोमूत्र शिंपडले गेले. नैवेद्य झाला. पाने वाढली गेली. आणि माझ्यासमोर दोन डांबांमध्ये, मसणवट्याकडे जाणारी उघडी वाट होती. मांगवाडा सगळा तिकडे पाहत उभा होता. कोणी आत गेले नाही. मी ओरडून सांगितले, "चला ना! वाट हाय!" कोणी गेले नाही. मला उठता येत नव्हते.

सकाळी कारभारी मांगवाड्याच्या कडेला येऊन ओरडला, "तार जोडाया चला! न्हाई आलात तर बलुतं बंद, आन् गावात पाय टाकायचा न्हाई."

गडी निघाले. बा निघाला. मी त्यांच्या आधी पोहोचलो आणि दोन डांबांच्या मध्ये उभा राहिलो.

"सर बाजूला," बा म्हणाला.

"ओढा तार. मी इथंच हाय."

त्याच्या हातात तारेचे टोक होते, समोर मी. तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. कारभारी लांबून हसत होता. त्याला आज काही करायचेच नव्हते. शेवटी माझ्या चुलत्याने आपले पागोटे सोडले आणि माझे हात बांधले. बांधताना तो रडत होता. आमच्या माणसांनी मला उचलून बाजूला ठेवले, आणि आमच्या माणसांनीच तार जोडली. बाने पीळ घातला. नेहमीसारखा घट्ट.

जमिनीवर पडून मी ते पाहिले. मौलवींच्या शाळेत जे समजले नव्हते ते तेथे समजले: तार त्यांची, पण पीळ घालणारे हात आमचेच. विनंती हा शब्द मी त्या दिवशी टाकून दिला.

हात सुटल्यावर मी बाला एवढेच म्हणालो, "उद्यापासून मी वेठीला येत न्हाई. उपाशी मारलं तरी न्हाई." तो म्हणाला, "मंग आमी बी मरू तुज्यापायी." त्याचेही खरे होते. मी ते ऐकून घेतले, आणि कामावर गेलो नाही.

आखितीला घागर भरली. निवद फडक्यात बांधला. वाड्यातून कोणी आले नाही. ती म्हातारी तेवढी उंबऱ्यात उभी राहून पाहत होती. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, मी मधली तार पायाने दाबली, वरची हाताने उचलली आणि आत गेलो. पाठ फाटली. आईच्या दगडांपाशी संत्र्याचे रोप लावले होते. मी घागर ओतली, निवद ठेवला, बसायचे तेवढा वेळ बसलो, आणि त्याच वाटेने बाहेर आलो.

कारभारी काठी घेऊन उभा होता. या वेळी तो हसत नव्हता.

"कुनाला इचारून गेलतास बे आत?"

"कोणालाही नाही," मी म्हणालो, माझ्या पुस्तकी भाषेत, त्याच्या डोळ्यांकडे पाहून. "आणि पुढच्या वर्षीही विचारणार नाही."